शिळ्याचा अभ्यास

आमचे सर शिळ्या अन्नाचा अभ्यास करायचे असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून थांबतो. मी रागावलेली नसते. हसावं की नाही हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही, तेवढंच चेहऱ्यावर दिसत असावं.

सर समाजशास्त्राचे. साताऱ्यातल्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले. मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचे, म्हणजे जून आला की यंदा तास मिळतात का याची वाट बघायची. त्या काळात विद्यापीठाचा एक प्रकल्प आला. आपल्या भागातली अन्नसंस्कृती, तिचा इतिहास, तिचं समाजशास्त्र, असा लांबलचक विषय. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपापले भाग वाटून घेतले. कुणी सणावारांचे पदार्थ घेतले, कुणी मसाले, कुणी भांडी, एकानं लष्करी खानावळी घेतल्या. सरांनी शेवटपर्यंत काहीच घेतलं नव्हतं. तुम्ही काय घेणार, असं विचारल्यावर म्हणाले, "जे उरेल ते मी घेतो."

सगळ्यांना वाटलं, किती नम्र माणूस. पण सरांचं म्हणणं शब्दशः होतं. घरात जेवण झाल्यावर जे उरतं ते कुठं जातं, कोण खातं, कधी खातं, आणि त्याला काय म्हणतात, हा त्यांचा विषय.

मदतनीस म्हणून त्यांनी मला घेतलं ते माझ्या हुशारीमुळं नव्हे. त्यांनी सरळच सांगितलं, "बाई, मला लोक ओसरीपर्यंत नेतात, फार तर जेवणाच्या टेबलापर्यंत. माझा विषय त्याच्या पलीकडं आहे. तिथं तुम्ही जायचं." मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, शिळं खायचं कसं हे शिकायला आता कॉलेजात जावं लागतं का?

सर उंच, किडकिडीत. पांढरा फुलशर्ट, मनगटाची बटणं लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. कुणाच्याही घरी गेले की आधी दारातलं कुत्रं बघायचे. अगदी थांबून, पुढून-मागून. घरातल्या माणसांना वाटायचं, सर कुत्र्याला घाबरतात. मग कुणीतरी "काय करत न्हाई ते, या आत" म्हणायचं. सरांना मात्र कुत्र्याच्या बरगड्या बघायच्या असायच्या. त्या घरातलं उरलेलं कुत्र्यापर्यंत पोचतं का, की वाटेतच संपतं, हे त्यांना त्यावरून कळायचं म्हणे. मला नंतर नंतर लोकांच्या दारातली कुत्री नीट बघायची सवय लागली. ती अजून जात नाही. नवऱ्याबरोबर कुणाकडं पूजेला किंवा बारशाला गेले तरी मी फाटकापाशी क्षणभर थांबते, आणि तो वैतागतो.

सणाच्या दिवशी सर कधी कुणाकडं जायचे नाहीत. दिवाळी झाली की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, लग्न झालं की मांडव उतरवताना. "सणादिवशी माणूस देवाला दाखवायला रांधतो, बाई. दुसऱ्या दिवशी जे असतं ते माणसाचं." असलं काहीतरी ते एसटीत खिडकीतून बाहेर बघत बोलायचे. मी ते टिपून ठेवू का विचारलं की म्हणायचे, नको, अजून पटलेलं नाही मला.

हे त्यांचं नेहमीचंच. स्वतःचंच वाक्य त्यांना दुसऱ्या दिवशी पटायचं नाही. एकदा कॉलेजात पुण्याहून एक पाहुणे व्याख्याते आले होते. व्याख्यान झाल्यावर शंका विचारा म्हटल्यावर सर उभे राहिले. त्यांनी विचारलं, लोणचं मुरतं, कटाची आमटी मुरते, मग भाकरी का मुरत नाही? ती शिळी का होते? पाहुण्यांनी हवा, ओलावा, आंबणं असं काही सांगितलं. सर म्हणाले, तसं नव्हे, काल केलेल्या दोन वस्तूंतल्या एकीला आपण चांगला शब्द देतो आणि दुसरीला वाईट, हे कुणी ठरवलं? पाहुणे हसले, मुलं हसली, प्राचार्यांनी आभार मानायला सुरुवात केली. सर तसेच उभे. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

शिळ्या पोळीच्या तुकड्यांना फोडणी देतात त्याची नावं ते गोळा करायचे. कुठं कुस्करा, कुठं चुरा, कुठं नुसतेच तुकडे, एका घरात तर माणिकपैंजण. असं एखादं नाव सापडलं की दिवसभर खुशीत असायचे. ज्या घरात शिळ्याला नाव आहे, ते घर शिळं लपवत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मात्र बरेच दिवस टिकलं.

आणखी एक नियम होता. ज्या घरी अभ्यासाला जायचं तिथं ताजं काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. ताजं खाल्लं की आपण पाहुणे झालो, आणि पाहुण्याशी कुणी खरं बोलत नाही. आपल्या भागात हा नियम पाळणं म्हणजे रोज एका घराचा अपमान करणं. शिव्या मी खाल्ल्या. सरांचं वय बघून त्यांना कुणी काही म्हणायचं नाही. दाराबाहेर आल्यावर मला गाठून विचारायचे, तुमच्या सरास्नी आमच्या घरचं चालत न्हाई व्हय? जात काढण्यापर्यंत गोष्ट जायची. सरांना हे सांगितलं तर ते गोंधळून जायचे. त्यांच्या ते गावीही नसायचं.

आटपाडीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. माझी मावसबहीण तिथं दिलेली आहे, म्हणून मुक्काम तिच्याकडं. दिघंचीच्या रस्त्याला एका धनगराच्या घरी आम्ही गेलो. थोरला मुलगा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेला, धाकटा डाळिंबाची बाग बघणारा. घरात त्यांची आई. तिनं आम्हाला बघून चूल पेटवली. बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं पुढं ठेवलं. सरांनी हात जोडले, म्हणाले, ताई, कालची असेल तर तीच द्या.

त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंगच बदलला. "कालची? पाव्हण्याला शिळं घालू व्हय मी? गाव काय म्हणंल?"

सर म्हणाले, गावाला सांगणार नाही. ती म्हणाली, गावाला न्हाई सांगितलं तरी मला ठावं हाय न्हवं. दोघंही हटेनात. तिनं शिळी भाकरी दुरडीत झाकून ठेवलेली होती, मला तिची कड दिसतही होती. शेवटी सरांनी ती ताजी भाकरी घेतली, खिशातल्या स्वच्छ रुमालात गुंडाळली, आणि आम्ही तसेच उठलो. मावसबहिणीकडं येईपर्यंत मी सरांच्या चार पावलं मागून चालले. मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा त्या घरी. त्याच जागेवर मांडी घालून बसले, रुमाल सोडला, भाकरी पुढं ठेवली. म्हणाले, "ताई, काल हीच भाकरी तुम्ही मला मानानं दिलीत. आज हीच दिली असतीत तर तुमचा अपमान झाला असता. रात्रीत हिला काय झालं?"

त्या बाईनं आधी भाकरी उलटून बघितली. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की धाकटा मुलगा बागेतून धावत आला. हसू आवरल्यावर म्हणाली, "तिला काय बी झालं न्हाई. तुमाला झालं. काल तुमी पाव्हणं हुता. आज परत आलासा म्हंजी घरचं झालासा." आणि तिनं दुरडीतली आपली शिळी भाकरी काढली, खर्डा घेतला आणि सरांच्या समोर बसून खायला लागली. सरांनी त्यांची भाकरी खाल्ली. मलाही एक चतकोर मिळाली.

परतीच्या गाडीत सर म्हसवडपर्यंत तो रिकामा रुमाल उलगडत आणि घडी घालत होते. मग म्हणाले, "सापडलं, बाई. शिळं म्हणजे घरचं." मला वाटलं, चला, प्रकल्पाचा निष्कर्ष झाला.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागं सर भाड्यानं राहायचे, पहिल्या मजल्यावर. एकटेच. त्यांची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एकदा कागद द्यायला गेले तर ते जेवत होते. एक भाकरी, एका वाटीत मावेल एवढी भाजी, मूठभर भात. सगळं ताजं, आणि जेवण झाल्यावर भांडी अशी रिकामी की धुवायला काही शिल्लकच नाही. मी गमतीनं विचारलं, सर, तुमच्याकडं कधी काही उरत नाही का? ते ताट उचलता उचलता म्हणाले, "एकट्याचं उरत नाही, बाई. उरायला दोघं लागतात." मग लगेच कागद मागितले. मी जिना उतरताना विचार करत होते, की हा माणूस दुसऱ्यांच्या घरात नेमकं काय शोधतोय? अभ्यास तर होताच. पण फक्त अभ्यासच होता का, हे तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

कराडजवळच्या मलकापूरचं घर मात्र सगळ्यांहून वेगळं निघालं.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, आणि सूनबाई. मुलगाही फौजेतच, तेव्हा पोस्टिंगवर. बंगल्याच्या मागं ऊस, पुढं फरशीचं अंगण, आत जेवणाचं टेबल. सुभेदारांनी आमचं स्वागत जोरात केलं. आमच्यासाठी ताज्या केलेल्या पुरणपोळ्या पुढं आल्या. सरांनी हात जोडले. सुभेदारांना ते आवडलं नाही, पण शिस्तीचा माणूस, वरिष्ठाच्या हुकमासारखं त्यांनी ते मान्य केलं. मग सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, काल जे उरलं त्याचं काय केलं?

"आमच्यात शिळं कोण खात न्हाई," सुभेदार म्हणाले. "पहिल्यापासनं. जनावरास्नी जातं समदं."

सर हळूच म्हणाले, "कुत्रं बारीक आहे तुमचं."

त्यात टोमणा नव्हता. सर असं जे दिसेल ते बोलायचे. पण टेबलावर सगळं थांबलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी सूनबाईंच्या शेजारी उभी होते. त्या सासूकडं बघत एकदम म्हणाल्या, "आत्याबाई खात्यात. रोज."

त्यांचा आवाज मला आठवतो. तक्रारही होती त्यात आणि सुटका झाल्यासारखंही काहीतरी. कुणीतरी हे विचारावं म्हणून त्या किती दिवस थांबल्या असतील कुणास ठाऊक. आक्का खाली मान घालून टेबलावरचा एक कण बोटानं टिपत होत्या. सुभेदारांनी विचारलं, आगं, व्हय? त्या म्हणाल्या, उरतं मग टाकायचं का? एवढंच. सुभेदार उठले आणि मागच्या दारानं उसाकडं गेले. आम्हाला निरोप द्यायला आले नाहीत.

मला वाटलं, वाईट झालं. सर म्हणत होते, यात वाईट काय, माहिती मिळाली.

पंधरवड्यानं सुभेदार सरांच्या जिन्यावर उभे. मी तिथंच होते. बूट काढून आत आले, खुर्चीत ताठ बसले, पाणी घेतलं नाही. सांगायला लागले ते असं, की आपण जन्म सीमेवर काढला, चार एकर ऊस केला, बंगला बांधला, आणि आपली बायको आपल्याच घरात मागं बसून कालचं खात होती, आपल्याला पत्ता नाही. म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून नियम केला. मोजून रांधायचं, उरलं की लगेच गाईला, आणि आक्कांनी रोज त्यांच्यासमोर टेबलावर बसून ताजं, गरम जेवायचं. ते स्वतः वाढायचे. तूप स्वतः घालायचे.

"आन् आता ती जेवतच न्हाई," ते म्हणाले. "घास तोंडात धरती, फिरवती. निम्मी झालीया. कराडला डॉक्टरला दावलं, समद्या तपासण्या झाल्या, काय न्हाई म्हणत्यात. सर, तुमी एक प्रश्न इचारला आन् माझं घर फिरलं. आता तुमीच या आन् इचारा तिला काय पायजे ते."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांना भीती वाटत होती.

आम्ही त्यांच्याच गाडीतून मलकापूरला गेलो. दुपारची वेळ होती. आक्का टेबलापाशी बसल्या होत्या, पुढं वाढलेलं ताट. खरंच निम्म्या झाल्या होत्या. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ काही विचारलंच नाही. सरांना असं न विचारता बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी आक्काच बोलल्या, ताटाकडं बघत.

"एवढी वरसं मी माझं माझं खात हुते. समद्यांचं झालं की मागल्या पडवीत. कोण बघत न्हवतं. कोण हाका मारत न्हवतं. आता समदी माझ्या ताटाकडं बघत्यात. घास उतरत न्हाई."

सुभेदार दारात उभे होते. त्यांना काही कळलं नाही, ते सरांकडं बघायला लागले. सर उठले आणि म्हणाले, "चला. सगळे बाहेर." कुणाला? तर सगळ्यांना. सुभेदार, सूनबाई, मी, अंगणात काम करणारा गडी, सगळ्यांना त्यांनी फाटकाबाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. घरात एकट्या आक्का.

आम्ही रस्त्याच्या कडेला उन्हात उभे. येणारे-जाणारे विचारायचे, सुभेदार, काय झालं, कोण गेलं का काय? सुभेदार म्हणायचे, न्हाई न्हाई, हितंच. एक ट्रॅक्टरवाला तर गाडी थांबवून चौकशी करत बसला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, मी चांगल्यासाठीच बोलले हो, शिळं खाऊन त्यांना काही झालं असतं तर लोकांनी मलाच बोल लावला असता. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. ते बरोबर होतंच. सुभेदारांचं तूप वाढणंही बरोबर होतं. चूक कुणाचीच सापडत नव्हती आणि तरी ती बाई उपाशी होती.

बऱ्याच वेळानं आतून नळाचा आवाज आला. मग थांबला. आम्ही आत गेलो तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं होतं आणि आक्का अंगणातल्या तुळशीपाशी काहीतरी खुरपत होत्या. सूनबाईंनी फ्रिज उघडायला हात पुढं केला, काय खाल्लं, ताजं की कालचं, हे बघायला. सरांनी त्यांना मानेनंच नको म्हटलं. ज्या माणसानं शेकडो घरांत हाच प्रश्न विचारला होता, त्यानं.

त्यानंतर त्या घरात तशी पद्धतच पडली. दुपारी सुभेदार पाय मोकळे करायला हायवेपर्यंत जायचे, सूनबाई शेजारी. आक्का पुन्हा भरल्या. मी मधून मधून जायचे, आता अभ्यासासाठी नव्हे, सहजच. मी एकदा त्यांना विचारलं, आक्का, खरं सांगा, तुम्ही शिळं का खात होता? त्या म्हणाल्या, आगं, मला शिळी भाकर आवडती म्हणून. सूनबाईंना त्यांनी सांगितलं होतं, दुष्काळात भाकरीचा तुकडा मिळाला नव्हता, तेव्हापासून टाकवत नाही. सुभेदारांना म्हणाल्या होत्या, तुमचं आयुष्य धोक्यात असायचं, म्हणून मी तसला नेम धरला होता, तुम्ही घरी आल्यावर सोडायचा राहून गेला. मी ही सगळी उत्तरं सरांना सांगितली आणि विचारलं, यातलं खरं कुठलं? ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, सगळीच खरी वाटतात, आणि एकही पुरत नाही.

अहवाल लिहिताना मी मलकापूरच्या घरावर मोठं प्रकरण केलं होतं. माझ्या मते आमच्या हाती लागलेली ती सगळ्यात मोलाची गोष्ट होती. मी कायम व्हायची आशाही त्यात होती, हे कशाला नाकारू. सरांनी ते पूर्ण वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मग सगळं काढून टाकायला सांगितलं. तिथं लिहा, म्हणाले, माहिती उपलब्ध नाही. मी चिडले. म्हटलं, सर, सगळ्यात जास्त माहिती तर याच घराची आहे. ते म्हणाले, म्हणूनच. मला हे तेव्हा पटलं नाही. मी त्यांचं ऐकलं, एवढंच.

प्रकल्प संपला. पुढं सरांना जिना चढवेना, तेव्हा त्यांची पुतणी त्यांना सांगलीला घेऊन गेली. माझे तास कधी मिळायचे, कधी नाही.

आक्का गेल्या ते झोपेतच. सुभेदारांचा फोन मला आठव्या दिवशी आला. म्हणाले, "मॅडम, एक काम हुतं. दहाव्याला तिच्या आवडीचं करायचं म्हणत्यात. काय करू?"

मला प्रश्नच समजला नाही. ते सांगायला लागले. सूनबाई म्हणतात वांग्याचं भरीत. मुलगा रजा काढून आलाय, तो म्हणतो पुरणपोळी, आईला लय आवडायची. "आन् मी तर तिला आवडीनं खाताना बघितलंच न्हाई कवा. सरास्नी इचारा. त्यांचा आभ्यास हाय."

मी सांगलीला फोन लावला. सर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, मी येतो.

दहाव्याला सकाळी आम्ही कोयनेच्या काठावर होतो. सर पुतणीच्या मुलाबरोबर गाडीनं आले होते, काठी टेकत. सुभेदारांनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, काय आवडायचं तिला? सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "सुभेदार, मी त्यांना पुष्कळ विचारलं," ते म्हणाले. "कोण खातं, कधी खातं, कुठं बसून खातं. काय आवडतं हे नाही विचारलं."

सुभेदारांनी मान डोलावली. पानावर सूनबाईंनी भरीत ठेवलं, मुलानं पुरणपोळी. सुभेदारांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात जिलेबी होती. कुणी काही विचारलं नव्हतं तरी ते सांगायला लागले, की लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत कराडच्या स्टँडवरून जिलेबी आणली होती, तेव्हा तिनं एक कडं तोडून तोंडात टाकल्यासारखं वाटतं. पण ते तिनंच होतं की बहिणीनं, हे आता नक्की आठवत नाही. आणि त्यांनी जिलेबी पानाच्या अगदी कडेला ठेवली, आपला हक्क नसल्यासारखी.

कावळ्यांची वाट बघत सगळे मागं सरकले. वाटलं होतं, वेळ लागेल, काहीतरी कबूल करावं लागेल. पण एक कावळा आला तो सरळ पानावर, काहीतरी उचललं आणि पलीकडच्या बाभळीवर गेला. एवढं झटक्यात की मला फक्त पंख दिसले. पान विस्कटलं होतं, भरीत पोळीवर सांडलं होतं. काय उचललं? मुलगा म्हणाला पोळीचा तुकडा. सूनबाई सांडलेलं भरीत बघत होत्या. सुभेदार सरांकडं वळले. सगळ्यांत जास्त बघणारा माणूस तोच, असं त्यांना वाटत असावं.

"सर, तुमी बघितलं का?"

"जिलेबी," सर म्हणाले. "जिलेबीच उचलली."

सुभेदारांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मुलानं त्यांना धरलं.

माझा विश्वास बसला नाही. माझ्या लिहिण्यात एखादं वाक्य पुराव्याशिवाय आलं की लाल रेघ मारणारा हा माणूस. गाडीपर्यंत चालताना मी विचारलं, सर, तुम्हाला खरंच दिसलं? ते काठी रोवत रोवत चालले होते. म्हणाले, "माझं लक्ष सुभेदारांकडं होतं, बाई." मग गाडीत बसले, काच वर केली आणि सांगलीला गेले.

मलकापूरला मी अजून जाते. आक्कांच्या तिथीला त्या घरात आता जिलेबी असते, सुभेदार स्वतः कराडहून आणतात. सूनबाई मला एकदा म्हणाल्या, आत्याबाईंना गोड कधी सोसलंच नाही हो, दाढ दुखायची. पण सरांनी डोळ्यांनी बघितलंय म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? यंदा त्यांच्या धाकट्या मुलीनं, आक्का गेल्या तेव्हा ती पाळण्यात होती, शाळेत आपल्या घरच्या पद्धतींवर निबंध लिहिला. त्यात लिहिलंय, आमच्या घरात आजीच्या तिथीला जिलेबी करण्याची जुनी परंपरा आहे. सूनबाईंनी तो मला दाखवला, चुका बघायला. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. बाकी तसंच ठेवलं.